मामांच्या सदऱ्यावरचं पुदिन्याचं पान

मंगळवार, संध्याकाळ

पेय देखणं दिसावं म्हणून आपल्या बारसाठी उंच दांडीचे, पसरट तोंडाचे ग्लास मीच पसंत करून आणले. आज मामा नवेगावहून पहिल्यांदाच बारमध्ये आले, तर हौसेनं त्यातच लिंबू सोडा दिला, वर पुदिन्याचं पान. मामा कधीच ग्लासाला ओठ लावत नाहीत, वरूनच पितात. हे मला माहीत नव्हतं का? पसरट काठावरून सगळा सोडा सदऱ्यावर सांडला, पान खिशाला चिकटलं. शेजारच्या टेबलावरचे हसले. एकानं मला विचारलं, "कौन हैं ये?" मी म्हणालो, "गाँव के हैं कोई."

कोई. सख्खा मामा. ज्यांच्या घरी राहून मी शाळा शिकलो.

मामांनी ऐकलं असेल का? ग्लास दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवत एवढंच म्हणाले, "फुटला त नाई ना, बाबू?" पान तसंच खिशावर. तेही मी काढलं नाही, लोक बघून राहिले होते ना.

घरी आल्याबरोबर तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यालो. वरूनच. ओठ न लावता.