मकेचा वापसा

आबा, आधी एक दुरुस्ती करते. तुम्ही मका कापायची वेळ खालच्या पानांवरून ओळखायचात, असं मी इतकी वर्षं सांगत आले. आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, गेल्या आठवड्यात कुट्टीच्या मशीनवाल्यालाही फोनवर सांगितलं. ते चूक आहे. पानं तुम्ही नुसती बघायचात, ठरवायचात मुठीवरून. हे मला आज सकाळी शेतात आठवलं, आणि मशीन उद्या रविवारी येणार होतं.

मी सातवीत असेन. तुम्ही एक कणीस मधोमध मोडता, अर्धं माझ्या हातात देता आणि दाण्यावर नख लावायला सांगता. वरच्या बाजूला दाणा पिवळा, टणक; खाली नख रुततं आणि पांढरं दूध येतं. टणकपणा दाण्याच्या निम्म्यापर्यंत उतरला की तुम्ही पानाकणसासकट मकेचं एक ताट कोयत्यानं बारीक करायचात आणि मूठभर चारा आवळायचात. तळहात ओला झाला तर थांबायचं. मूठ उघडताच सगळं भुसभुशीत सुटलं तर उशीर झाला. गोळा क्षणभर तसाच राहून मग सावकाश पसरला, की तुम्ही म्हणायचात, वापसा आला. वापसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, जमिनीला येतो, मकेला नाही, असं मी शाळेतलं ज्ञान तुम्हाला ऐकवलं होतं. तुम्ही म्हणालात, "जमिनीला हाय तसा मकंला बी हाय. तुझ्या आईच्या पिठाला बी हाय. ती काय पुस्तक बघून भाकरी थापती व्हय?" आई चुलीपाशी होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही, पण तिला आवडलं होतं.

एका वर्षी मात्र शेजारी मशीन आलंच आहे म्हणून तुम्ही ओली मका कापलीत आणि हिरवा चारा उन्हाळ्यासाठी मुरवून ठेवायच्या मुरघासाच्या खड्ड्यात दाबलीत. खड्ड्याच्या कडेनं काळं पाणी झिरपत राहिलं. उघडल्यावर असा वास आला की गाईंनी एकदा हुंगून तोंड फिरवलं. तुम्ही मूठभर माझ्या नाकाशी धरून "हुंग, इसरू नगो" एवढंच म्हणालात. त्या उन्हाळ्यात चाऱ्यावाचून दोन गाई दावणीवरून विकाव्या लागल्या. मी वास विसरले नाही, आबा. मूठ विसरले.

तुम्ही गेल्यावर आता आईकडे पाच गाई आहेत. आजूबाजूची शेतं प्लॉटिंगमध्ये गेली, आपल्या बांधाला एका कंपनीची भिंत लागली. उन्हाळ्यात हिरवा चारा मिळायची सोय राहिली नाही. खड्डा बिघडला तर गाई जातील, आणि मग आईनं दिघीला माझ्याकडे येऊन राहावं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं आहे. ती येईलही. पण पहाटे उठून तिथं ती काय करणार, हे कोणी विचारत नाही.

यंदा खालची पानं वाळलीत ती करपा रोगानं, पिकून नव्हे. ताट आतून अजून रसरशीत आहे. मी चारा बारीक करून आवळला, तर बोटांमधून पाणी आलं. तरी विश्वास बसेना. दिघीला कंपनीत माझं काम पार्ट तपासायचं. मापाचं गेज बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट. हाताला गेज कुठून आणू? म्हणून थोडा चारा वजन करून तव्यावर सुकवला आणि पुन्हा तोलला. वजनाचा तिसरा हिस्सा तरी उरायला हवा, तेवढा उरला नाही. आई म्हणाली, "आता गाईंना भाजून वाढणार हायस का? लोणचं बी दे संगं."

मशीनवाल्याला फोन करून रविवार नको, पुढे ढकला म्हटलं. त्यानं माझंच बोलणं मला परत दिलं: पानं तर वाळल्यात की ताई, तुमचे आबा पानंच बघायचे म्हणालात ना. मी चुकीचं सांगितलं, म्हटलं. तो म्हणाला, "शुक्रवारपासून पाऊस सांगितलाय. वावरात मशीन रुतलं तर मी काय न्हाई करनार. बगा बरं का."

फोन ठेवल्यापासून मी दोनदा शेतात जाऊन आले. चार-पाच दिवस ऊन पडलं तर पुरेल. आभाळ आधीच आलं तर उभी मका चिखलात जाईल आणि ती माझ्यामुळे जाईल. आईला विचारलं तर म्हणाली, "तुझा हात, तू बघ."

हे तुमच्यापर्यंत जायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. एक गोष्ट आईजवळ बोलले नाही: तुमची मूठ किती जोरात आवळायची, ते मला माहीत नाही. मी आवळते ती माझ्या ताकदीनं, आणि त्याच्यावरच ठरवलंय. कंपनीत रजा टाकली आहे. मका गुरुवारी कापणार.