बंद पुलाचा रखवालदार

४ ऑगस्ट

केंद्राचा पूरनिधी आला. सोबत जाडजूड नियमावली. मुख्याधिकारी म्हणाले, तुम्ही वाचा आणि आम्हाला सांगा. म्हणजे निधी नगरपालिकेचा, वाचन माझं.

जुनं कर्ज फेडायचं नाही. कर माफ करायचा नाही. पुराने जे नेलं तेच पुन्हा उभं करायचं — तेही पुरापर्यंत वापरात असलेलं. ज्याचा कागद आपण हाताळतो, तो आपला नातेवाईक असेल तर आधी लेखी कळवायचं. हे शेवटचं मी सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं.

६ ऑगस्ट

नगराध्यक्षांना कारंजं हवंय. पुरात कारंजं गेलं का, विचारलं. नाही, पण लोकांचं मनोधैर्य गेलं, म्हणाले. नियमात बसत नाही, म्हटलं. ऑफिसात माझं नाव आता 'बसत नाही बाई'. असू दे.

१० ऑगस्ट

ओढ्यावरचा पायपूल वाहून गेलाय. पलीकडे आई आणि दादा. अलीकडे दवाखाना, बाजार आणि मी. आईच्या पायाची जखम रोज धुवावी लागते. आता रिक्षाने लांबचा वळसा, म्हणून ती दोन-तीन दिवसांनी येते. अशीच हयगय केलीत तर बोटं कापावी लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने मला ते हसत सांगितलं. मी मोरीत जाऊन रडले.

पूल नियमात बसत नाही! तीन वर्षांपूर्वी आपणच तो धोकादायक ठरवून बंद केला. कोणी जाऊ नये म्हणून रखवालदार बसवला. रखवालदार म्हणजे आमचा दादाच. बंद पूल वापरात नव्हता. मग पुराने नेलं काय?

१३ ऑगस्ट

नगरपालिकेच्या इंजिनिअरने वाट काढली. बंदी मोडून लोक जात होते हे सिद्ध झालं, तर पूल वापरात होता. जबाब कोणाचा? रखवालदाराचा. म्हणजे दादाने सांगायचं, तीन वर्षं पगार घेतला आणि कोणालाच अडवलं नाही. त्या पगारावर त्यांचं घर चालतं. इकडे आड, तिकडे विहीर.

मी दादाला काही बोलले नाही. आई बोलली.

१८ ऑगस्ट

दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला. जबाब मीच लिहून घेतला. रोज सगळे जायचे, म्हणाला. मग तुम्ही काय करत होता, असं मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"म्हाताऱ्या माणसांचा हात धरून पलीकडे सोडत होतो, साहेब. पूल धोक्याचा होता ना."

मी खाली सही केली.

२ सप्टेंबर

पूल मंजूर. दादाला कामावरून काढलं. दोन्ही एकाच टपालात. दादा म्हणाला, "एका दगडात दोन पक्षी मारलेस की गं."

९ सप्टेंबर

पुलाच्या कामावर मजूर घ्यायचेत. अट — पुरामुळे रोजगार गेलेला हवा. दादाचा अर्ज आला. त्याचा रोजगार पुरामुळे गेला नाही, जबाबामुळे गेला. अर्ज दिवसभर टेबलावर ठेवला. पूर आला नसता तर जबाब झाला असता का, असं इंजिनिअर जाता जाता पुटपुटला.

शेरा मारला: बसतं. शिपायाने तो दोनदा वाचला.

२० डिसेंबर

तपासणीस आले. सगळे कागद चाळले. "हा रखवालदार तुमचा कोण?"

भाऊ, म्हटलं. अख्ख्या गावाला माहीत आहे. फक्त कागदाला माहीत नव्हतं. लिहायचं राहून गेलं, असं मी सांगितलं. राहून गेलं की मी राहू दिलं, हे मला अजून कळत नाही.

५ जानेवारी

निलंबनाचा आदेश मिळाला. नियमाने बरोबर आहे. पूल मात्र राहणार — निधीतून बांधलेलं पाडता येत नाही, तेही नियमातच आहे. मला धीर द्यायला आई पुलावरून चालत आली. बोटं सगळी शाबूत आहेत.