जास्तीचे वेढे

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पेपरात तुझी जाहिरात वाचली. ‘जुनी इलेक्ट्रिक गिटार विकणे आहे. सर्व भाग मूळचे.’ सर्व भाग मूळचे? तारांखालची, आवाज पकडणारी कॉइल निकामी झाली, तेव्हा माझ्या मोटार वायंडिंगच्या दुकानात रडवेलं तोंड करून कोण बसलं होतं? नवी कॉइल मी करून दिली. केसाहून बारीक तार, एकेक वेढा मोजून. त्यानंतरच तुझ्या बँडला गर्दी व्हायला लागली, आणि आधीच तुझं कौतुक करणारी आई येईल त्याला सांगायची की थोरल्याच्या बोटांत जादू आहे. मी तिथेच पंखा उघडून बसलेलो असायचो.

सरळ सांगतो, माझा जळफळाट व्हायचा. अजून होतो. चाळीस वर्षांत तू मला त्या गिटारीला हात लावू दिला नाहीस, आणि आता जाहिरातीतूनही माझा पत्ता कापलास. विकायचीच असेल तर मला दे.

वहिनींना नमस्कार. रागावलेला, पण तुझाच,
खटपट्या

दि. ११ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझीच बाजू घेतली. पण पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच गिटार गेली. माझी बोटं आता वळत नाहीत, हे तुला कळवलं नव्हतं.

घेणारा जुन्या वाद्यांचा संग्राहक. त्याच्या कारागिराने मीटर लावून सांगितलं की ही कॉइल मूळची नाही, कोणीतरी मोजताना चुकलंय, वेढे खूप जास्त आहेत. मग वाजवून पाहिली आणि पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. म्हणाला, एवढा भरदार आवाज त्या जास्तीच्या वेढ्यांचा.

आवाज तुझ्या कॉइलचा आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझ्या हातात गिटार दिली असती आणि तू नुसती एक तार छेडली असतीस, तरी जादू कुठे आहे ते आईलाही कळलं असतं. जळत मीही होतो, बाबा.

संग्राहकाला कपाटात ठेवायला मूळचीच कॉइल हवी होती. ती निकामी कॉइल मी डब्यात जपली होती, तीच बसवून दिली. तुझी सोबतच्या पार्सलमध्ये आहे. एखादी साधी गिटार आण आणि तिला बसव. फक्त एवढं कळव, तुझ्यासारखा माणूस मोजताना चुकला कसा?

लोभ राहू दे, हेवा पुरे झाला.
दादा

दि. १७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

पार्सल मिळालं. त्या दिवशी मी वेढे मोजत होतो आणि आई शेजारणीला तुझं कौतुक सांगत होती. ऐकता ऐकता आकडा विसरलो, आणि रागाच्या भरात नुसता गुंडाळतच सुटलो.

म्हणजे इतकी वर्षं लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या माझ्या जळफळाटाला. साधी गिटार आणून कॉइल बसवली आहे. वाजवायला मात्र येत नाही. बोटं वळत नसली तरी चालेल, शिकवायला ये.

वाट पाहणारा,
खटपट्या