मोनिकाचे उपास

मु. रिहे, ता. मुळशी
रविवार, १३ ऑगस्ट २००६

प्रिय तक्षशिलाताई,
सप्रेम जय भीम.

घरची सगळी बरी आहेत. तुझं पत्र आलं नाही, तेव्हा मागच्या पाकिटावर मी वसतिगृहाचं नाव फार बारीक लिहिलं असेल आणि ते सोलापूरच्या पोस्टमनला लागलं नसेल, असं सारखं मनात येत राहिलं. या वेळी बोर्ड रंगवतो तसं ठळक काढलं आहे. पोचलं की दोन ओळी टाक.

भाताची लावणी उरकली. दादांची कंबर धरली होती, आता बरी आहे. मला भूगावात काम भरपूर आहे. तिथे रोज एखाद्या माळावर नवा बोर्ड लागतो. 'निसर्गरम्य प्लॉट' ही अक्षरं आता डोळे मिटूनही काढता येतील. तरी मी प्रत्येक वेळी खडूनं रेघ मारून घेतो. बाकीचे पेंटर हसतात, हसोत.

एक चांगली बातमी. शाळेतल्या खिचडीचं काम यंदा बायकांच्या बचत गटाला मिळालं. गटानं चिठ्ठ्या टाकल्या आणि आईचं नाव निघालं. आई पदर डोक्याला बांधून जाते, तांदूळ चार पाण्यांनी धुते. संध्याकाळी दादांना ऐकवते, "पातेलं घासायलासुदिक उरत न्हाई. पोरं पुसून खात्यात." तिला इतकी खूश मी फार दिवसांनी पाहिली.

तुझ्या मोनिकाची काळजी करू नकोस. तिसरीत पाढे तिचेच सगळ्यांत पुढे आहेत. फक्त तिनं एक नवीनच काढलं आहे. तिनं श्रावणी सोमवार धरला. दादांना कळलं तेव्हा ते ताटावरून उठले.

"आपल्यात उपास नसत्यात, पोरी. कुनी शिकवलं तुला?"

"कुनी न्हाई. माजा सोमवार हाय."

"कसला सोमवार? आपन कशातनं बाहेर आलो, ठावं हाय का तुला?"

ती खाली मान घालून बसली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हो, पोरींचं बघून पोरी करत्यात." मलाही तसंच वाटतं. संध्याकाळी घरी आली की भाकरी दोन हातांनी खाते.

तू परीक्षेचं बघ. भाऊजी गेल्यावर ज्या जिद्दीनं तू नर्सिंगला गेलीस, तिची आठवण आम्ही रोज काढतो.

तुझा भाऊ,
सिद्धांत

ता.क. मोनिका काल विचारत होती, आजीचं शाळेतलं काम कधी संपणार. का गं, म्हटलं, तर म्हणाली, "असंच."


मु. रिहे
रविवार, १० सप्टेंबर २००६

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. तू मोनिकाच्या उपासाला हसलीस, ते वाचून आधी बरं वाटलं आणि मग वाटलं नाही. ते पुढे लिहितो.

गणपतीनंतर मला आपल्या गावच्या शाळेचंच काम मिळालं. व्हरांड्याच्या भिंतीवर बाराखडी, जिल्ह्याचा नकाशा आणि पंगतीत जेवणारी मुलं काढायची आहेत. मुख्याध्यापक बंडोपंत गुरुजी स्वतः घरी सांगायला आले. आपल्या वेळचे गुरुजी बदलून गेले, हे नवीन. माणूस मवाळ आहे. "मुलं हसरी काढ हं," म्हणाले.

पहिल्या दिवशी शाळेत शिरलो आणि उगाच वर्गाच्या दारात उभा राहिलो. खडूचा तोच वास. पोरं एका सुरात कविता म्हणत होती. मी ब्रश धुवायला म्हणून नळावर गेलो आणि ती संपेपर्यंत पाणी सोडून उभा राहिलो. इतकी वर्षं मी शाळेकडे बघत नाही असं समजत होतो. बघतच होतो, ताई.

मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा मी शिडीवर होतो. आईनं पातेलं उघडलं. मुलं ताटल्या घेऊन रांगेत आली, आई वाढत गेली. मग निम्म्याहून जास्त मुलं ताटल्या घेऊन शाळेच्या मागे गेली. भिंतीपलीकडे गावची कुत्री येऊन बसलेलीच होती. मुलांनी खिचडी तिकडे उलटी केली, ताटल्या विसळल्या आणि पुढे येऊन दप्तरातले घरचे डबे उघडले. इतकं सवयीनं, की कोणी कोणाशी बोललंसुद्धा नाही. आईचं पातेलं रोज रिकामं का होतं ते मला शिडीवरून दिसलं. आई चुलीपाशी असते, तिथून ती बाजू दिसत नाही.

मोनिका रांगेत नव्हती. ती नळाच्या कठड्यावर बसली होती. तिच्या वर्गातल्या तीन मुली डबे घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"आज कंचा वार गं तुजा?"

"शनिवार."

"शनिवारचा उपास पोरी करत न्हाईत. तू तुज्या आजीच्या हातचं का खाईना? हात धुती का न्हाई ती?"

"खिचडे, सांग की."

तिघी हसल्या. मोनिकाही हसली. ते हसणं बघून माझ्या हातातला ब्रश खाली पडला. तरी मी शिडीवरून उतरलो नाही. का, ते मलाही सांगता येत नाही. पाय उतरलेच नाहीत.

घरी येताना बांधावर तिला विचारलं. ती म्हणाली, "मामा, आजीला सांगू नको. ती रडंल."

"भूक लागत नाही तुला?"

"लागती. पन मी खाल्लं तर म्हनत्यात, ही त्यांच्यातलीच हाय, हिला चालतंय. न्हाई खाल्लं तर म्हनत्यात, आजीचंसुदिक खाईना. उपास म्हनलं की कोन काय म्हनत न्हाई. देवाचं आसतं ना."

आता सोमवार, गुरुवार, शनिवार झाले आहेत. मधल्या दिवशी पोट दुखतं म्हणते. या आठवड्यात दोन दिवस शाळेतच गेली नाही. आणि आपण समजत होतो पोरीला देवाचं वेड लागलं.

तुला एक कधी सांगितलं नाही ते लिहितो. मी नववीत पौडची शाळा सोडली तेव्हा गणित झेपत नाही म्हणालो होतो. तू महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. गणित मला झेपत होतं. वर्गात मी बाकावरून उठलो की मागची मुलं फडक्यानं बाक पुसायची. मारलं कोणी नाही, शिवी दिली नाही. फक्त पुसायची, आणि फडकं दोन बोटांत धरून खिडकीबाहेर झटकायची. सर बघायचे आणि म्हणायचे, स्वच्छता चांगली आहे. आता यात तक्रार कशाची करणार? मी उठायचंच बंद केलं. उत्तर येत असलं तरी उठायचो नाही. मग एक दिवस एस.टी.त चढलो आणि शाळेच्या थांब्यावर उतरलो नाही.

तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू तडक शाळेत जाऊन भांडली असतीस. तुझी सोयरीक चालू होती. म्हणून गप्प राहिलो. त्याचं वाईट वाटत नाही, पण मोनिकाही आता तशीच गप्प राहते आहे.

आईला अजून माहीत नाही. काय करू ते कळव.

तुझा,
सिद्धांत


मु. रिहे
बुधवार, ४ ऑक्टोबर २००६

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

रविवारी दुकानातल्या फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसतं हो हो करत होतो, कारण मागे चार माणसं ऐकत उभी होती. तू म्हणालीस, कोर्स सोडते, दिवाळीआधी येते आणि पोरीला घेऊन जाते. ते ऐकल्यापासून मला झोप नाही. फोनवर राहिलेलं लिहितो. सगळं वाच, मग ठरव.

मागचं पत्र टाकल्यावर मी गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, "सिद्धांत, डबे मुलांच्या घरून येतात. मी काय घास भरवू?" मी म्हटलं, गुरुजी, आधी शिक्षकांनी चव घ्यायची आणि मग मुलांना वाढायचं, असं आहे ना? ते हसले. "अरे, मला पित्ताचा त्रास. डाळ चालत नाही." त्यांचाही उपासच म्हणायचा. मी ते बोललो नाही. मान हलवून बाहेर आलो आणि पुन्हा शिडीवर चढलो.

त्या दिवशी घंटा झाली तेव्हा मात्र उतरलो. हात घासलेटनं पुसले, साबणानं धुतले, घरून आणलेली भाकरी घेतली आणि मोनिकाच्या शेजारी कठड्यावर जाऊन बसलो. आईला म्हटलं, वाढ. ती म्हणाली, "आरं, तू पोर हायस का?" पण वाढलं. मला आठवलं, या शाळेत असताना मधल्या सुट्टीत तू तुझ्या वर्गातून उठून माझ्या शेजारी येऊन बसायचीस. मला वाटायचं, ताईला मैत्रिणी नाहीत, म्हणून येते. तू का यायचीस ते मला त्या कठड्यावर कळलं. तू कधी सांगितलंही नाहीस.

मी खात होतो, मोनिका बघत होती. त्या मुली आल्या आणि मला बघून परत गेल्या. आई मला आणखी वाढायला म्हणून इकडे आली आणि तिला भिंतीमागे दिसलं. एक मुलगा ताटली झटकत होता.

ती परत गेली आणि उरलेल्या मुलांना वाढत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "उद्यापास्नं मी जायाची न्हाई. पोरीला माज्यापायी उपाशी ठिवलं मी."

मी म्हटलं, आई, तू सोडलंस तर काम जाईल, पोरीला म्हणायचं ते म्हणतीलच. दादा एवढंच म्हणाले, "अन् मी तिला ताटावर बसून बोललो." ते उठले आणि मोनिका झोपली होती तिथे जाऊन बसले.

तिसरीच्या हेमलताबाई भूगावच्या फ्लॅटमधून येतात, अमरावतीकडच्या आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं. सांगताना अडखळलो. त्या म्हणाल्या, "मी पण वर्गात बसून माझा डबा खाते, सिद्धांत. मी तरी कुठे बघितलं?" दुसऱ्या दिवशी त्या ताटली घेऊन पंगतीत येऊन बसल्या आणि पालकांची सभा लावा म्हणून गुरुजींच्या मागे लागल्या.

सभेला बायकाच जास्त होत्या. सगुणाबाई आईच्याच गटातली, त्या तिघींतल्या एकीची आई. ती आईकडे बोट करून म्हणाली, "केशरबाई अन् आमी एका सतरंजीवर बसतो. त्याचं काय न्हाई. पन माज्या पोरीनं काय खायाचं ते मी ठरवनार."

आई बोलणार नाही असं मला वाटलं होतं. ती उभी राहिली. "ठरीव की, सगुणा. डबा दे, न्हाईतर उपाशी धाड. पन मग ताटली कशाला धरती तुजी पोर माज्याम्होरं? तांदूळ कुत्र्याला घालायला? अन् माज्या नातीला, आजी हात धुती का, आसं इचारती, ते कुनी शिकवलं, तेवढं सांग."

मग मी कागद काढला. मला तोंडी जमलं नसतं म्हणून लिहून नेला होता. बाकाचं, फडक्याचं, सगळं वाचलं. नजर वर न करता शेवटपर्यंत वाचलं. मागून कोणी म्हणालं, "आरं, ते पौडचं, हितलं न्हाई." हेमलताबाई म्हणाल्या, "इथे तेच चाललंय." गुरुजींनी चष्मा पुसला आणि उद्यापासून शिक्षक आधी खातील, असं सांगितलं.

तुला खोटं लिहिणार नाही. जग बदललं नाही. सगुणाबाईची मुलगी अजून डबाच खाते, पण भिंतीमागे जात नाही, समोर बसून खाते. दोघा पालकांनी मुलं दुसऱ्या शाळेत घालू म्हणून धमकी दिली आहे. मात्र आता शिक्षक आधी मुलांसमोर बसून खातात. गुरुजीही दोन घास खातात, तोंड वाकडं करून का होईना. बसायचं हजेरीच्या क्रमानं, त्यामुळे सरकून बसता येत नाही. 'खिचडी' म्हणून हाक मारली की हेमलताबाई शिकवणं थांबवतात, त्या मुलाला किंवा मुलीला बाहेर नेऊन बोलतात आणि घरी निरोप देतात. पहिले काही दिवस त्यांना रोज थांबावं लागलं. आता कमी झालं आहे.

गेल्या गुरुवारी मोनिका रांगेत उभी राहिली. आईनं डाव भरला. मोनिका म्हणाली, "आजी, थोडीच." तिनं निम्मी खाल्ली. निम्मी टाकायला उठली नाही. ताटली मांडीवर घेऊन घंटेपर्यंत बसून राहिली.

ताई, तू ये असं मला रोज वाटतं. संध्याकाळी पौडकडून येणारी एस.टी. वाजली की मी अजून बाहेर येऊन बघतो, आई मला हसते. आईच्या हातचं कालवण झालं की मोनिका तुझी ताटली मांडते आणि मग उचलून ठेवते. तू आलीस तर या घराला दिवाळी वेगळी करावी लागणार नाही. हे सगळं खरं आहे, आणि तरी लिहितो, आत्ता येऊ नकोस. परीक्षा दे.

तू तिला घेऊन गेलीस तर सोलापुरात ती पहिल्या दिवशी विचारेल की इथे आपण कोण म्हणून सांगायचं. मी एकदा बाकावरून उठलो आणि निघून गेलो. त्याला दहा वर्षं झाली, अजून कुठेही नीट बसता आलेलं नाही. तिनं बसून राहावं. तूही तुझ्या बाकावर बसून राहा.

शाळेचं रंगकाम परवा संपलं. मी गुरुजींना विचारून ठेवलं आहे, मधल्या सुट्टीत आलो तर चालेल का. ते म्हणाले, ये.

तू येईपर्यंत तिच्या शेजारी तुझ्या जागेवर बसणारा,
तुझा भाऊ
सिद्धांत