'आडपडदा'ला भेटलेले पैलवान

कोल्हापूर, फेब्रुवारी २००१

आदरणीय बसाप्पा दाजी यांस अमरेशचे शरणार्थ. तुमची गुडघेदुखी उतरली असेल आणि शिवलीलाअक्काचा राग (म्हैस न विचारता विकल्याचा) आणखी चढला नसेल, अशी आशा करतो. मी हातपाय शाबूत ठेवून आहे. हे उगाच लिहीत नाही. मध्यंतरी तशी खात्री नव्हती.

तुम्ही विचारता, 'आडपडदा' अजून निघतो का? निघतो की! मोठी दैनिकं गावातल्या नाटकाला राशिभविष्याखालची उरलेली जागा देतात, म्हणून चौऱ्याण्णव साली मी आणि कृष्णातनं हे साप्ताहिक काढलं. भजनी मंडळांपासून सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांवर लिहिलं. (ज्यांच्यावर लिहिलं ते अंक फुकट मागतात, ज्यांच्यावर नाही लिहिलं ते भांडायला येतात. आमचा वाचकवर्ग तो हाच.) तर मुरगूडच्या पिराजी पैलवानांनी नाटकात राजा केला आणि कृष्णातनं छापलं, 'राजा कुठला आणि सिंहासन कुठलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.' अंक निघाला आणि पैलवान कचेरीच्या दारात! कृष्णात मागच्या खिडकीतून जो गेला तो थेट गारगोटीला, मावशीकडं. मी एकटा उरलो.

पण दाजी, एवढा मोठा गडी रडकुंडीला आलेला. म्हणाला, "आईला वाचता येत न्हाय. म्या तिला वाचून दावलं, 'राजा लई झ्याक झाला.' म्हातारी गल्लीभर सांगत सुटलीया. आता मला काम शिकवा, म्हंजी पुढच्या खेपंला तिला खरं वाचून दावीन."

मग काय, कचेरीतच तालीम सुरू झाली. (त्यांना तालीम म्हणजे जोर-बैठका एवढंच ठाऊक. प्रत्येक वाक्याला मांडी थोपटायचे. ती सवय मोडता मोडता कृष्णात, म्हणजे मावशीनं परत धाडलेला कृष्णात, निम्मा झाला.) परवा प्रयोग झाला. ऐन दरबारात पैलवान वाक्य विसरले. पहिल्या रांगेतून त्यांची आईच ओरडली, "बोल की रं पिऱ्या!" आणि हे सिंहासनावरून, राजाच्या आवाजात, "थांब आई, राजा इचार करतोय!" टाळ्या थांबेनात. कृष्णातनं मनापासून कौतुक छापलं. पैलवानांनी ते आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "बरं हाय. पर मागल्या खेपंला ह्यापरास चांगलं लिवलं हुतं."

अक्काला नमस्कार, पोरांना पापा.

तुमचा मेव्हणा,
अमरेश

ता. क. : हेच नाटक आता गडहिंग्लजला येतंय. सगळी नटमंडळी तुमच्याकडं उतरेल आणि अक्काच्या हातची भाकरी खाईल, असं मी कबूल करून बसलोय.

पुन्हा ता. क. : हे पत्र ज्या पावण्यांनी तुमच्या हातात दिलं, ते पिराजी पैलवानच. 'न्हाय' म्हणायचं असेल तर मला पोस्टानं कळवा. तोंडी नको.