लाल मोटारीच्या मागचा माणूस

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तरुणपणी ते ठिकाणावर असतं तर कलम चार लिहावं लागलं नसतं.

१. राहत्या दोन खोल्या मुलाला. खिडकीची बिजागरी कुरकुरते. तिला तेल घालावं, अशी अट नाही, विनंती आहे.

२. दुकानातला पुस्तकं दाबायचा शिकंजा, सुया, दाभणं आणि माझी मोठी कात्री, बत्तीस वर्षं समोर बसून पुस्तकं शिवणाऱ्या माझ्या जोडीदाराला. त्या कात्रीला त्याने हात लावलेला मला खपत नसे. आता खुशाल लावावा.

३. जुन्या मोटारींच्या तीनशे बारा जाहिराती छपाई शिकवणाऱ्या शाळेला. त्यांतल्या बऱ्याच जाहिरातींत मोटारीच्या डोक्यावर विमान दिसेल. विमानं नवी होती तेव्हा त्यांचे खेळ भरले की मोटारवाले मैदानातच तंबू ठोकत. लोक विमान बघायला येत आणि मोटारीभोवती घुटमळत. माझा मित्र ‘पायलट’ विमानांचे कागद जमवतो आणि शिडीवर चढायला घाबरतो. ज्यात विमान ती जाहिरात विमानाची, म्हणजे आपली, असा त्याचा जुना हेका आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून मी त्याला साक्षीदार केलं आहे.

४. पुठ्ठ्यावर चिकटवलेली लाल मोटारीची जाहिरात माझ्या मुलीला.

ही जाहिरात ज्या मासिकातली, ते तिच्या आईने माहेरून आणलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती बाहेर गेली असताना मी पान कापलं, मागे न बघता खळ लावून चिकटवलं आणि उरलेलं मासिक रद्दीत घातलं. ती परतल्यावर कळलं, मागच्या बाजूला अशाच विमानखेळांचा फोटो होता: विमानाच्या पंख्याला हात लावून उभा असलेला एक फिटर. ते तिचे वडील, माझे सासरे. ती दोन वर्षांची असताना ते गेले. दुसरा फोटो नव्हता.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. अधूनमधून म्हणायची, “अहो, तेवढं सोडवून द्या ना.” मी म्हणायचो, “फाटेल गं. एकदा चिकटलं ते चिकटलं.” शेवटच्या आजारपणात म्हणाली, “बाबांचा चेहरा आठवेनासा झालाय हो.” तेव्हाही मी हेच सांगितलं.

ते खोटं होतं. खळ मैद्याची होती, मीच शिजवलेली. जन्मभर लोकांची पुस्तकं मी अशीच पाण्याने सोडवली. पण जाहिरातीचा लाल रंग छापखान्यात हाताने भरलेला आहे, तो पाण्यात उतरतो. मी रंग वाचवला.

ती गेल्यावर मुलगी म्हणाली, “अण्णा, आईनं एवढंच तर मागितलं होतं.” त्यानंतर ती या घरात आली नाही. तिचं चुकलं नाही.

मी दोनदा परातीत पाणी घेतलं आणि दोनदा ओतून दिलं. जो चेहरा तिच्या आईला दाखवला नाही, तो तिच्या मागे आपण एकट्याने बघायचा, एवढं तोंड मला नाही.

तर पोरी, पुठ्ठा कोमट पाण्यात दोन तास ठेव. ओढू नकोस, कागद आपणहून सुटेल. पाणी लाल होईल, होऊ दे. तुझं नाक त्यांच्यावर गेलंय असं आई म्हणायची. ते बघून घे. मग चौकटीत घाल. आजोबा तुझ्याकडे, मोटार भिंतीकडे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: दुकानातलं टेबल. तारीख: १४ मार्च १९९८.

(सही) पुस्तकबांधणीवाला

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर, खालचा मजला

साक्षीदार दुसरे: (सही) ‘पायलट’. हरकत नोंदवून सही करतो, जाहिरात विमानाचीच आहे. पोरीला सांगा, पाणी मी तापवून देईन.