बाळंतिणीच्या खोलीतले दिवे

निगडी, प्राधिकरण
९ नोव्हेंबर १९८१

चि. सौ. सुहासिनीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे, पोरी? पायांची सूज उतरली का? नंदकिशोररावांचा खोकला गेला? विहीणबाईंचे गुडघे थंडीने धरले असतील, त्यांना माझा नमस्कार सांग. आणि पोटातले पाहुणे काय म्हणतात, लाथा मारतात का अजून? इकडे तुझी आई ठणठणीत. मीही बरा आहे. झोप तेवढी लागत नाही.

आता घरची बातमी. तुझ्या बाळंतपणासाठी मागची खोली रंगवून घेतली आणि तिथे नव्या तऱ्हेचे दिवे बसवले. छताला ॲल्युमिनियमची लांब पट्टी, तिच्यात तीन दिवे. पट्टीवर हवे तिथे सरकवावे, हवी तिकडे मान वळवावी. बाळाच्या डोळ्यांवर उजेड नको, म्हणून तिन्हींची तोंडं भिंतीकडे केली. माझ्याबरोबर कंपनीत वायरमन होता आणि आता इथे निगडीत विजेच्या सामानाचं दुकान चालवतो, तो भोसरीचा चिमाजी एका शोरूमच्या कामातून उरलेली पट्टी घेऊन आला. म्हणतो, "ज्ञानदेवराव, नातवाची खोली आहे का सराफाचं दुकान?" तुझी आई लगेच, "का हो भाऊजी, आमचं सोनं नाही वाटतं ते?" पोटभर हसलो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आईने बटण दाबून हात जोडले, तर तिन्ही दिवे तुझ्या खाटेकडे वळलेले. मला वाटलं, स्क्रू ढिले असतील. आवळले. परत तेच. खाट दुसऱ्या भिंतीला लावली, तर दिवे पट्टीवरून सरकून तिच्या डोक्यावर! चिमाजीला बोलावलं. त्याने स्टुलावर चढून पाहिलं आणि म्हणाला, "राव, हे पकडीनेसुद्धा हलत नाहीत." मग चहा न पिताच गेला. चिमाजी आणि चहाला नाही म्हणतो, यावरून काय ते समज.

शेवटी मी दिवेच उतरवले, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. त्या खोलीचा फ्यूजही काढला.

हे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण संध्याकाळ झाली की खाटेवर उजेडाचा गोल पडतोच. ताटाएवढा. उशीच्या जरा खाली, बाळ निजवतात तिथे. खिडकी लावली, पडदा सोडला, तरी आहेच. हात ठेवला तर चादर गरम लागते.

तुझ्या आईला त्याची भीती वाटत नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते. ती रोज त्या गोलात दुपटं अंथरते. म्हणते, "किती छान ऊब आहे, शेकशेगडीची गरजच नाही." परवा त्या रिकाम्या दुपट्यावर थोपटत बसली होती. मी म्हटलं, "केसर, ऊठ, चल बाहेर." तर ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय."

येत्या रविवारी तुला आणायला आईच साताऱ्याला येणार होती. काल म्हणाली, "तुम्हीच जा. याला एकटं टाकून मी कशी येऊ?"

पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला का कळत नाही? तरी सांगतो, येऊ नकोस. साताऱ्यातच बाळंत हो.

अजून एक. काल संध्याकाळी मीही त्या खाटेवर जरा टेकलो. ऊब खरंच छान आहे, पोरी. उठावंसं वाटेना. आईने हाताला धरून उठवलं, तेव्हा तिचाच मला राग आला.

म्हणून आत्ता, भर दुपारी, चिमाजीच्या दुकानात बसून हे लिहितोय. रविवारी मी तुझ्या दारात उभा राहीन, हसून म्हणेन, चल, सगळी तयारी झालीय. तेव्हा माझ्याबरोबर निघू नकोस. मी पाया पडलो तरी नको. हे पत्र नंदकिशोररावांना दाखव, त्यांना घरीच थांबायला सांग.

उत्तर चिमाजीच्या पत्त्यावर धाड, घरच्या नको. "येत नाही" एवढंच लिही, पण लवकर लिही. पुढे मी रागावलो, तर तो राग माझा समजू नकोस.

तुझे,
बाबा